उजनीच्या होड्यांच्या बॅटऱ्या: मे ते ऑक्टोबर साठवणीच्या नोंदी

लॉट: उजनी जलाशयाच्या करमाळा बाजूच्या काठावरच्या होड्यांमधून काढलेल्या बॅटऱ्या. क्र. १ ते ४ ट्यूब्युलर (पॉझिटिव्ह प्लेट नळ्यांची असलेल्या शिसे-ॲसिडच्या), १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. पक्षी दाखवायच्या दोन होड्यांवर विजेच्या मोटारी आहेत, त्यांना या दोन-दोन सिरीजमध्ये लागतात. क्र. ५ ते ७ इंजिन स्टार्ट करायच्या, १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवर. क्र. ८ सीलबंद, २६ अँपिअर-अवर, दिव्यांसाठी. क्र. ९ लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवर.
साठवणीची जागा: सोलापूर, उत्तर कसबा, दगडी भिंतींची माळवदाची खोली.

२७ एप्रिल

पाणी ओसरून गाळ उघडा पडला, रोहित पक्षी परतीला लागले, हंगाम संपला. होड्या वर ओढून पालथ्या घातल्या. बॅटऱ्या होडीतच ठेवून नुसता स्विच बंद करण्याची पद्धत यंदा बंद. मुख्य स्विचच्या आधीच जोडलेली एखादी वायर असतेच: पाणी उपसायच्या पंपाचा फ्लोट स्विच, नाहीतर मासे शोधायच्या यंत्राची मेमरी. नुसते २० मिलिअँपिअर जात असले तरी महिन्याला साधारण १४ अँपिअर-अवर होतात. ३५ च्या बॅटरीला हे दोन महिन्यांत जवळपास संपवायला पुरते.

काढताना निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना होडीच्या किंवा इंजिनच्या धातूला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. प्रत्येक वायरला टेप लावून होडीचा क्रमांक आणि खूण लिहिली. टेम्पोत बॅटऱ्या उभ्याच ठेवून दोरीने आवळल्या. टर्मिनलांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले.

२८ एप्रिल

आल्या आल्या व्होल्टेज घेतले नाही. रात्रभर विसावू दिल्या आणि सकाळी आठला मोजल्या. चार्जिंगहून किंवा लोडवरून नुकत्याच उतरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज खरे नसते.

ट्यूब्युलर क्र. १, २ आणि ४: १२.३० च्या आसपास. क्र. ३: १२.२२.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बाहेरच्या बहुतेक तक्त्यांत ‘१२.७ म्हणजे पूर्ण भरलेली’ असे असते. ते १.२६५ ते १.२८० ग्रॅव्हिटीच्या (पाण्याच्या तुलनेत किती जड, तो आकडा) ॲसिडसाठी बरोबर आहे. आपल्याकडची ट्यूब्युलर उष्ण हवेसाठी मुद्दाम सौम्य ॲसिडवर बनवतात. तिची पूर्ण भरलेली ग्रॅव्हिटी २७ अंशांना १.२४० असते. एका सेलचे, म्हणजे बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एकाचे, व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४. म्हणजे २.०८, आणि सहा सेलचे १२.४८. ही बॅटरी पूर्ण भरली तरी विसावल्यावर साडेबारालाच थांबते. तो तक्ता भिंतीवर लावून चांगल्या ट्यूब्युलरला ‘पाऊणच भरते’ म्हणत पुन्हापुन्हा चार्जिंगला लावणारे कमी नाहीत. त्या जास्तीच्या चार्जिंगने पाणी उडते आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते. यानेही अशा बॅटऱ्या जातात.

म्हणून इथे निकाल हायड्रोमीटरचा, म्हणजे ॲसिडची ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या नळीचा. तापमानाची दुरुस्ती मात्र हवीच: २७ च्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे. आज सेलमधले ॲसिड ३९ अंश, म्हणजे वाचनात ०.००८ ची भर. दुरुस्ती धरून क्र. ३ चे सहा सेल: १.२००, १.२०५, १.२००, १.१७०, १.२०५, १.२००. चौथा सेल मागे आहे. त्यावर लाल खूण केली.

वाचन घेताना नळीतला फ्लोट काचेला चिकटलेला नसावा आणि फुगा दाबून-सोडून बुडबुडे काढलेले असावेत. पाणी टाकून लगेच घेतलेले वाचन धरायचे नाही, कारण पाणी वरच तरंगते. ट्यूब्युलरचा सेल उंच असतो, त्यामुळे हा फरक तिथे जास्त दिसतो.

२९ एप्रिल

धुलाई. बूच घट्ट असल्याची खात्री करून एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घातला आणि ब्रशने वरचा भाग घासला. फेस यायचा थांबला की ॲसिड मेले. मग साधे पाणी आणि कोरडे फडके. सोड्याचा थेंबही आत गेला तर आतले ॲसिड मारतो, म्हणून बूच सैल असलेली बॅटरी धुवायचीच नाही.

धुण्याआधी क्र. ६ वर एक तपासणी केली. मल्टिमीटरची काळी पिन निगेटिव्हवर ठेवली आणि लाल पिन टर्मिनलला न लावता नुसती झाकणाच्या प्लास्टिकवर टेकवली. काटा १.९ व्होल्टवर गेला. धूळ आणि ॲसिडच्या ओलीचा थर वीज वाहून नेत होता, म्हणजे बॅटरी स्वतःच्याच पाठीवरून झिरपत होती. धुऊन पुसल्यावर शून्य. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कुणालाही जमते. प्रत्येक होडीवाल्याने ती करावी.

क्र. ५ वर कुणीतरी जुनी सोलापुरी चादर गुंडाळून पाठवली होती. भावना चांगली, पण सुती कापड ॲसिडची वाफ धरते, ओले राहते आणि दोन टर्मिनलांमधला पूल होते. शिवाय चादरीची चाळण होते ती वेगळीच. झाकायचेच असेल तर प्लास्टिकचा कोरडा पत्रा, तोही बुचांच्या वर हवा खेळेल इतक्या उंचीवर.

३० एप्रिल ते २ मे

चार्जिंग. क्रम ठरलेला: आधी चार्ज, मग साठवण. शिसे-ॲसिडची बॅटरी उतरलेली ठेवली की प्लेटवरचे मऊ लेड सल्फेट हळूहळू मोठे, कडक स्फटिक धरते आणि मग चार्जरला दाद देत नाही. थंड देशांत उतरलेल्या बॅटरीतले ॲसिड गोठायची भीती असते. सोलापुरात ते होणे नाही. इथला शत्रू ऊन आहे.

ट्यूब्युलरला १० अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग. स्टार्टच्या बॅटऱ्यांना ३.५. वेळ रात्री आठ ते सकाळ, कारण दिवसा खोलीचे आणि चार्जिंगचे तापमान एकमेकांत मिसळते. व्होल्टेजची मर्यादा २७ अंशांना १४.४. त्याच्या वर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी करायचे. रात्री ॲसिड ३६ अंश होते, म्हणून चार्जर १४.२ वर लावला. दर तासाने ग्रॅव्हिटी घेतली आणि लागोपाठ तीन वाचने सारखी आली तेव्हा थांबवले. ‘चार्जरचा हिरवा दिवा लागला’ ही खूण पुरेशी धरली नाही. स्वस्त चार्जर बॅटरी भरायच्या आधीच हिरवा दिवा दाखवतात.

क्र. १, २, ४: सर्व सेल १.२४० च्या आसपास. क्र. ३: पाच सेल १.२४०, चौथा १.२०५.

क्र. ३ ला इक्वलायझिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणायचा जादा चार्ज, दिला. बूच सैल केले, ४ अँपिअर कायम ठेवले, व्होल्टेज चढू दिले. ते १५.६ पर्यंत गेले आणि सगळे सेल जोरात उकळू लागले. या उकळीने तळाशी बसलेले जड ॲसिडही ढवळून निघते. ॲसिड ४५ अंशांवर पोचले की चार्जर बंद करायचा आणि ३८ ला आले की पुन्हा सुरू. पहाटेपर्यंत चौथा सेल १.२२५ ला येऊन थांबला. तूर्त ठीक, पण या सेलवर विश्वास नाही.

इक्वलायझिंग फक्त बूच असलेल्या बॅटरीला. क्र. ८ सीलबंद आहे. तिला १५ व्होल्ट दिले तर वायू झडपेतून निघून जातो आणि ते पाणी परत भरता येत नाही.

या रात्रींत खोलीचे दार उघडे आणि छताचा झरोका मोकळा ठेवला. उकळताना हायड्रोजन निघतो, तो वर जातो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. त्यामुळे खोलीत बिडी नाही, उदबत्तीही नाही. चिमटे लावताना-काढताना चार्जर आधी बंद. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून दाराशी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या कायम ठेवला. डोळ्यात ॲसिड उडाले तर तिथल्या तिथे पंधरा मिनिटे पाणी मारत राहायचे आणि मग दवाखाना.

३ मे

जागेची निवड. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४२, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ४७, माळवदाच्या खोलीत ३४.

हे तेरा अंश म्हणजे सगळा प्रकल्प. बॅटरी नुसती ठेवली तरी आतून उतरत राहते आणि दर १० अंशांना हा वेग साधारण दुप्पट होतो. चांगल्या ट्यूब्युलरचे २७ अंशांना महिन्याला ५ टक्के धरले तर ३७ ला १०, आणि ४७ ला २०. जुन्या बॅटरीचा वेग याहून जास्त, कारण पॉझिटिव्ह जाळीतले अँटिमनी वर्षानुवर्षे निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसते. शेडमध्ये जागा मोठी होती आणि टेम्पो दारापर्यंत जात होता, तरी ती नाकारली.

माळवदाच्या मातीच्या जाड थराचे आणि दीड हात जाडीच्या भिंतींचे मोल अशा वेळी कळते. ही घरे पाडून पत्रे चढवणाऱ्यांनी निदान एक खोली राखावी, असे मनापासून वाटते.

बॅटऱ्या लाकडी फळीवर, एकमेकींत चार बोटे अंतर ठेवून, एकीवर एक न रचता. ‘सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते’ असे अजून सर्रास म्हणतात. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून फरशीकडे काही जात नाही. फळी यासाठी की ॲसिड सांडले तर फरशी खराब होऊ नये आणि खालची ओल वर चढू नये.

१० मे

क्र. ९, लिथियम. हिचा नियम अगदी उलटा: शिसे भरून ठेवायचे, लिथियम अर्धे. पूर्ण भरलेली लिथियम उन्हाळ्यात तशीच पडून राहिली तर तिची क्षमता कायमची घटते. अर्धी किती हे व्होल्टेजवरून कळत नाही, कारण मधल्या पट्ट्यात तिचे व्होल्टेज १३.१-१३.२ च्या आसपास जवळपास सपाट असते. म्हणून आधी पूर्ण चार्ज केली आणि मग १० अँपिअरच्या लोडवर पाच तास चालवून ५० अँपिअर-अवर काढले. दोन्ही वायरी सोडल्या. आतले संरक्षक सर्किट स्वतः थोडी वीज खात राहते, म्हणून तीन महिन्यांनी एकदा बघायची. फ्लोटवर, म्हणजे चार्जरला कायम जोडून, कधीच ठेवायची नाही.

१७ मे

पंधरवड्याची तपासणी. क्र. १, २, ४: १.२३५. क्र. ३ चा चौथा सेल १.२१५. स्टार्टच्या बॅटऱ्या १.२६० वरून १.२५५. क्र. ८: १२.८२ व्होल्ट.

पुन्हा चार्ज करायची रेषा ठरवून दारावर खडूने लिहिली: ट्यूब्युलर १२.४, स्टार्टच्या १२.५, सीलबंद १२.६. मे आणि जूनच्या सुरुवातीला पंधरा दिवसांनी मोजायचे, पाऊस लागून खोली २८-२९ वर आली की महिन्याने.

३० मे

पाणी. क्र. १ ते ४ मध्ये इक्वलायझिंग आणि चार्जिंगनंतर पातळी उतरली होती. बुचावरच्या पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची खूण लालच्या जवळ. प्लेटच्या वर १० ते १५ मिलिमीटर ॲसिड हवे. एरवी पाणी चार्जिंगनंतर भरायचे, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर येते. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही प्लेट बुडतील इतकेच.

बाजारातून आणलेल्या एका सुट्या कॅनवर ‘डिस्टिल्ड’ लिहिले होते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने ४५ दाखवले. तो कॅन फरशी पुसायला गेला. दुसरा सीलबंद कॅन १ ते २ दाखवत होता, तो वापरला. घरच्या आरओचे पाणीही चालत नाही. त्याचा टीडीएस ६० होता, आणि बोअरचे तर विचारूच नये. पाण्यातले क्लोराइड पॉझिटिव्ह प्लेट खाते. लोखंडाचा अंश दोन प्लेटमध्ये येरझाऱ्या घालत बॅटरी आतल्या आत उतरवत राहतो, आणि एकदा आत गेला की बाहेर काढता येत नाही. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे. कॅन घेताना तो आकडा छापलेला बघून घ्यावा.

पातळी कमी झाली म्हणून ॲसिड टाकायचे नाही. उडते ते पाणी, ॲसिड आतच असते.

९ जून

मृग लागला, वादळी पाऊस, रात्री लाइट गेली. ‘सोलरचा छोटा पॅनल लावून टाका, कटकट संपली’ ही सूचना आली म्हणून विचाराची नोंद. २० वॅटचा पॅनल चालेल, पण कंट्रोलरचा तापमान सेन्सर बहुधा त्याच्याच पेटीत असतो. कंट्रोलर उन्हात ५० अंशांवर आणि बॅटरी खोलीत ३२ वर असेल तर तो व्होल्टेज नको इतके खाली आणतो आणि बॅटरी कधीच भरत नाही. वायर लांब घेऊन कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी बसवला तरच उपयोग.

घरच्या इन्व्हर्टरवर चार-पाच महिने जोडून ठेवण्याचाही पर्याय पाहिला. बरेच इन्व्हर्टर १३.७ च्या आसपास फ्लोट देतात आणि खोलीच्या तापमानाचा विचार करत नाहीत. ३५ अंशांना ते जास्त होते. ठरलेल्या तारखेला एक रात्र नीट चार्ज करून सोडून देणे हे या हवेत जास्त चांगले. श्रम लागतात, पण वर्षभराचे आयुष्य वाढते.

१५ जून

क्र. १, २, ४: १.२२५, म्हणजे सुमारे १२.४ व्होल्ट. रेषेला टेकल्या. सर्व शिसे-ॲसिड बॅटऱ्यांना रात्रीचा चार्ज दिला. खोली २९ वर आल्याने मर्यादा १४.३५. सकाळी १.२४०. क्र. ३ चा चौथा सेल १.२२० च्या पुढे गेला नाही.

८ जुलै

दमट हवा. क्र. ७ च्या पॉझिटिव्हवर पांढरी भुकटी, क्र. ५ वर निळसर-हिरवी. निळसर-हिरवी म्हणजे तांब्याच्या लगला (वायरच्या टोकाच्या जोडणीच्या तुकड्याला) ॲसिड लागले. लग कापून नवीन दाबून बसवला, कारण हिरवा रंग इन्सुलेशनच्या आतही शिरला होता. वायर सोलली तर आतल्या तारा काळ्या निघाल्या. अशी वायर वरून चकचकीत केली तरी स्टार्ट देताना गरम होते.

क्र. ७ ची भुकटी सोड्याने धुतली. आठवड्यात त्याच जागी पुन्हा आली तर टर्मिनलच्या मुळाशी असलेला सील गेला असे समजायचे. व्हॅसलिन धातूंच्या मध्ये नाही, तर घट्ट आवळल्यानंतर बाहेरून लावायचे.

१२ ऑगस्ट

क्र. ३ ची क्षमता चाचणी. पूर्ण चार्ज, चार तास विसावा. लोड म्हणून मोटारगाडीच्या हेडलाइटचे ६० वॅटचे दोन फिलामेंट समांतर जोडले, म्हणजे सुमारे १० अँपिअर. व्होल्टेज उतरते तसा करंटही उतरतो, म्हणून बल्बवर अंदाज न बांधता मध्ये अँपिअर-अवर मोजणारा मीटर. थांबायची रेषा १०.८ व्होल्ट. त्याखाली ओढले तर चाचणीच बॅटरीला मारते.

निकाल: ६५ अँपिअर-अवर. शेवटी पाच सेल १.१६० वर, चौथा १.११० वर. पाच सेलमध्ये अजून जीव होता आणि एकाने सगळ्यांना थांबवले. याच पद्धतीने क्र. १ ने ९१ दिले.

८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी मोटारीच्या जोडीत ठेवू नये. सिरीजमध्ये मोटार चालू असताना कमजोर सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे त्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याची ध्रुवता उलटते. होडी तेव्हा जलाशयाच्या मध्यावर असू शकते. क्र. ३ फक्त काठावरच्या दिव्यांसाठी. क्र. ४ शी नवी बॅटरीही जोडायची नाही. नवी आणि जुनी एका सिरीजमध्ये घातली तर चार्ज होताना जुनी आधी उकळते आणि नवी अर्धीच भरते. दुसऱ्या होडीला दोन्ही नव्या, क्र. ४ राखीव.

चाचणी संपताच क्र. ३ चार्जिंगला. उतरलेली एक रात्रही ठेवली नाही.

क्र. ९ तपासली: १३.१७ व्होल्ट. हात लावला नाही.

२० सप्टेंबर

सर्वांना चार्ज. क्र. ८ चे खोके पट्टीने मोजले, फुगलेले नाही. सीलबंद बॅटरी बाजूंनी फुगली की तिचा निकाल लागला, व्होल्टेज कितीही चांगले दिसो.

१४ ऑक्टोबर

होड्यांवर चढवायची तयारी. ऑक्टोबरच्या उन्हाने खोली पुन्हा ३१ वर. सर्व बॅटऱ्यांना रात्रीचा चार्ज, क्र. ९ पूर्ण भरली. सकाळी क्र. १ आणि २ च्या सर्व सेलमध्ये १.२३५ ते १.२४०.

बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ. तो मोटारीजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षण राहत नाही. पेटीला पट्टा असा आवळायचा की होडी कलली तरी बॅटरी बोटभरही हलू नये. पेटीच्या झाकणाला वरच्या बाजूला भोके हवीत. स्टार्ट देताना मल्टिमीटर टर्मिनलवर धरायचा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी उतरवून पुन्हा तपासायची. क्र. ५: १०.६, क्र. ६: १०.४, क्र. ७: ९.९. क्र. ७ च्या टर्मिनलला भुकटी पुन्हा आली आहे. ती या हंगामात फक्त काठालगतच्या होडीवर.

गेल्या हंगामातली एक बाद बॅटरी नवीन घेताना विक्रेत्याकडेच परत दिली आणि पावती घेतली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवी. भंगारात गेली तर ॲसिड गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते.

आणायचे: १०० अँपिअर-अवर ट्यूब्युलर २, एकाच महिन्याच्या उत्पादनाच्या, तांब्याचे टिन केलेले लग ६, ६० अँपिअरचे फ्यूज ४, सीलबंद डिस्टिल्ड वॉटर ५ लिटरचे २ कॅन, हायड्रोमीटरचा रबरी फुगा १, जुन्याला चीर गेली आहे.